ताई, हा कंप तुमच्यामुळे

४ मार्च, ताइनान
कॉलेज अर्ध्यात सोडलं ते उत्तम झालं. नाहीतर या लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे धुवायला आलोच नसतो आणि च्युंग-वेन भेटली नसती. तिच्या पीएचडीसाठी धडधाकट माणसांचं रक्त हवंय. आज तिनं मला विचारलं. (नंतर बाकीच्यांनाही विचारलं. रीत म्हणून.)

६ मार्च
विषय समजून घेतला. अंडी, सोयादूध यांतून ट्रिप्टोफॅन नावाची चीज पोटात जाते. शरीर ती मोडतं. मोडता मोडता एक आम्ल तयार होतं, ते फार साठलं तर मेंदूच्या पेशी मरतात. दुसऱ्या एखाद्या आजारानं किंवा औषधानं ज्यांना पार्किन्सनसारखा कंप जडतो, त्यांच्या रक्तात हे विष जास्त असतं का, हे ती शोधतेय. थोडक्यात, खाल्लेलं अन्नच उलटतं. जगाची रीतच ती.
संकल्प: महिनाअखेर तिला मनातलं सांगायचं.
अडचण: लॅबमध्ये वरिष्ठांना ताई-दादा म्हणायची सक्ती. जिच्यावर जीव जडलाय तिला दिवसभर ताई म्हणतोय.

१२ मार्च
प्रेमामुळे मळमळतं. मावशीच्या नाश्त्याच्या गाडीवर अंड्याची पोळी परत केली. मावशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, मुडद्या, बापानं तरी कधी माझी पोळी टाकली होती का? मग स्वतःच्या मळमळीच्या गोळ्या दिल्या. रोज तीन वेळा. गुण आला. भूक परतली. प्रेम आहे तिथंच.

२ एप्रिल
मनातलं सांगायचं राहिलं. पिंजरे फार होते.
मात्र उजवा हात थरथरायला लागलाय. फक्त तिच्यासमोर. (उंदरांसमोरही. पण तेव्हा मनात तीच असते.)

९ एप्रिल
तिनं चाचणी घेतली. बोटं आपटायला लावली, कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं, व्हरांड्यात चालायला लावलं. एकटक बघत होती. तिच्याच टेबलाशी काम करणारा यन दादा म्हणाला, याच्या चेहऱ्याला इस्त्री कुणी केली? मी म्हटलं, राग गिळलाय, दादा, म्हणून तुम्ही अजून उभे आहात. मग ती म्हणाली, कुआन-लिन, तुझ्यासारखा दुसरा कुणीच नाही रे माझ्याकडे. शब्दशः! यनच्या देखत!
अक्षर बारीक येतंय. प्रेमानं माणूस नम्र होतो.

१४ एप्रिल, सकाळी
आज माझं रक्त मशीनवर. मशीनच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असतं. ते असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, दिवा हिरवा राहतो. सगळ्या शहरात हीच पद्धत. पण हिरव्यात भावना कुठे? मी लाल पाकीट ठेवलं. लाल म्हणजे लग्नाचा रंग. ती समजेल.

त्याच दिवशी, दुपारी
लाल दिवा. मशीन ठप्प. यन पाकीट नाचवत विचारत होता, हे कुठल्या गाढवाचं? मी भडकलो. पीएचडी करता आणि कुरकुऱ्यांवर भरवसा ठेवता? कुणीही हसलं नाही. प्राध्यापक स्वतः खाली गेले, हिरवं पाकीट घेऊन आले. मशीन सुरू झालं.
मशीननं हे मुद्दाम केलं.

२२ एप्रिल
रिपोर्ट आला. विष अगदी चारचौघांएवढं. इतकं जळूनही!
तिनं एकट्याला आत बोलावलं, दार लावलं. वेळ आली होती. पण आधी तिनंच विचारलं, काही गोळ्या घेतोस का? मी मावशीची पट्टी काढून दाखवली. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, अरे गाढवा, यांनीच होतो असा कंप! आजपासून बंद, आणि उद्या मेंदूच्या डॉक्टरकडे चल.
मी धीर करून म्हटलं, ताई, हा कंप तुमच्यामुळे आहे.
ती म्हणाली, नाही रे, गोळ्यांमुळेच आहे.
धडधाकटांतून नाव काढलं. म्हटलं, मग आजाऱ्यांत घ्या. म्हणाली, तू तर बरा होणार. म्हणजे दोन्हीकडून हाकललं.

३० एप्रिल
संकल्प: मावशीचं तोंड बघायचं नाही. नाश्ता दुसरीकडे.
(दुसरीकडची पोळी चपलेसारखी. उद्यापासून मावशीकडेच, पण न बोलता.)
गोळ्या बंद. आता खरी कसोटी. यापुढेही हात थरथरला तर तो प्रेमाचाच. शास्त्रानं मान्य करायलाच हवं.

११ मे
थरथरतोय! धावत जाऊन तिला दाखवला. म्हणाली, उतरायला वेळ लागतो, धीर धर. शास्त्राला प्रेमाचा मत्सर. दुसरं काय.
मावशीशी बोललो. फक्त सोयादुधापुरतं.

८ जून
च्युंग-वेन लाल पेट्या घेऊन आली. साखरपुड्याची बिस्किटं. नवरा यन. सगळी लॅब नाचत होती. म्हणे गावभर माहीत होतं. मला कुणी सांगितलं? प्राध्यापकांनी नाही, मावशीनं नाही, एकाही उंदरानं नाही.
मला सगळ्यात मोठी पेटी. म्हणाली, धाकटा भाऊ ना माझा.
मी उजवा हात लांब केला. पेटी तळहातावर घेतली. पेटीवर भरलेला चहाचा कप ठेवला. म्हटलं, आता बघाच. मी तिच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो.
चहावर तरंगसुद्धा उठला नाही.
ती आनंदानं ओरडली, यन, बघ, बघ, बरा झाला हा! टाळ्या पडल्या. यननं माझी पाठ थोपटली.
हात आत्ताही दगडासारखा स्थिर आहे. अक्षरही पूर्वीसारखं मोठं, टपोरं येतंय.
हरामखोर.