रुमाल टाकलेली खुर्ची

७ जानेवारी, रविवार
आज सकाळी आठलाच जाऊन सभागृहातल्या दोन खुर्च्या धरल्या. प्राण्यांवरचं व्याख्यान, एक रविवार सोडून, साडेदहाला, मोफत. विषय शेळ्यांचे जंत. शिपाई बन्सीचा झाडू अजून चालूच होता. एका खुर्चीवर मी, शेजारच्या खुर्चीवर रुमाल, एसटीत टाकतो तसा. ही दिवाळीपासून पुण्याला लेकीकडे, नातवाला सांभाळायला. आज येणार नाही हे कळतं, पण जागा धरायची सवय राहावी. सोयगावला असताना हिनं अकरा शेळ्या वाढवल्या. असल्या गोष्टी तिनं ऐकायलाच हव्यात. निघताना मी म्हणालो होतो, खुशाल राहा, माझं काही अडत नाही. अडतही नाही.
संध्याकाळी फोन केला. व्याख्यान देणारे जनावरांचे डॉक्टर म्हणाले ते सांगितलं: पापणी उलटून बघा, आतून पांढरी दिसली तर जंत समजा. ती म्हणाली, हे तर तुमच्या आईनंच शिकवलं मला. कधी येतेस, हे विचारणारच होतो. बाळ रडलं.

२१ जानेवारी, रविवार. एकादशी
संक्रांत झाली. तिळगूळ कुरिअरनं आला.
आज वटवाघळं. चाळीस खुर्च्या, अकरा माणसं. फहमिदाबाई म्हणून एक रिटायर शिक्षिका दर वेळी येतात. म्हणाल्या, भाईसाब, पूरा हॉल खाली पडा है, रुमाल कायकू डाले? म्हटलं, घरचे येतायत. त्या म्हणाल्या, कब से आ रे?
दूध उतू गेलं. गॅसची आच हल्ली फार मोठी येते.
संकल्प: पुढच्या फोनवर विज्ञान कमी, मुद्दा आधी.

४ फेब्रुवारी, रविवार
आज परत शेळ्या. महत्त्वाची माहिती. कळपातनं वेगळी काढलेली शेळी ओरडते, चारा कमी खाते. शब्दशः उतरवून घेतलं, शब्दशः हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही जेवता का? विषय शेळीचा चालला होता. बायकांना नोट्स समजत नाहीत.
पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडली. इस्त्रीवाला पँट ताणतो.
मुद्दा राहिला. रेंज गेली असावी.

१८ फेब्रुवारी, रविवार
आज प्रश्नोत्तरात उठलो. आठवडाभर तयारी केली होती, देवापुढं दोनदा म्हणूनही पाहिलं. विचारलं, एकटी शेळी किती दिवसांत रुळते? डॉक्टर म्हणाले, काका, किती दिवस झाले? म्हटलं, दिवाळीपासून. ते म्हणाले, मग कळपात परत का सोडत नाही? फहमिदाबाई मागं वळून माझ्याकडं बघत राहिल्या. मी बसलो. प्रश्न निव्वळ शास्त्रीय होता.
बाहेर बन्सी म्हणाला, साहेब, तुमी तर तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाता. शेळी बांधता कुठं?
घरी आल्यावर हरिपाठात एक ओळ चुकलो. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच. ही मागून हळू म्हणायची, त्यामुळं चुकत नसे, असं काही नाही.

३ मार्च, रविवार
विषय चिमण्या. रुमाल टाकला आणि बाहेर पायरीवर येऊन फोन लावला. वही मुद्दाम आत ठेवली. ती म्हणाली, बोला, आज कोणतं जनावर? म्हटलं, जनावर नाही. माझं अडतं. ती म्हणाली, काय? मिक्सर चालू आहे, मोठ्यानं बोला. मोठ्यानं म्हटलं. बन्सीचा झाडू थांबला. फहमिदाबाई जिना चढत होत्या, त्याही थांबल्या.
मिक्सर बंद झाला. ती म्हणाली, दिवाळीत एवढं बोलला असता तर मी गेलेच नसते. आता पाळणाघर जूनशिवाय मिळत नाही, लेकीला शब्द दिलाय. जूनपर्यंत नाही जमायचं. वरणात हिंग घालत जा.
आत आलो. फहमिदाबाई शेजारच्या खुर्चीपाशी उभ्या होत्या. रुमाल उचलला. मला लागणारच होता. त्या हॉलमध्ये धूळ फार असते.