मुंगीच्या हसण्याबद्दल

प्रिय धाकट्या,

फोन सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करून मोकळा होतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शिवाय फोन वाजला की तुझी मुंगी हातातलं टाकून येते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. हे मला तिच्यासमोर बोलायचं नाही. आत्ता ती दुपारची झोपलीय, म्हणून लिहायला घेतलं. मुंगी मजेत आहे असं पहिल्या चार ओळींत लिहायची पद्धत असते. ती पद्धत आज बाजूला ठेवते.

सुट्टीसाठी तिला सोडायला आलास तेव्हा तू चपलाही न काढता मला सूचना दिल्यास. सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास अंग ताणून घ्यायचं, पाय दोन्हीकडे पूर्ण पसरून जमिनीला टेकले की तसेच धरून ठेवायचे, सवलत द्यायची नाही, कारण सुट्टी संपताच जिम्नॅस्टिक्सच्या केंद्रात निवड आहे. वा! प्राथमिक शाळेच्या मैदानावर जिनं आख्खी नोकरी शिट्टी फुंकण्यात घालवली तिला तू पोरांचे पाय कसे ताणायचे ते शिकवत होतास. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती हीच. सूनबाई मागे उभी होती, तिच्याकडे मी पाहिलं तर म्हणाली, "आई, त्यांनाच कळतं त्यातलं." कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला टापटीप आणि टोमणे दोन्ही शिकवले. टापटीप वयाबरोबर गेली, टोमणे शाबूत आहेत, पण त्या दिवशी पोरगी तुझं बोट धरून उभी होती म्हणून मी तेही गिळले.

पहिल्या दिवशी तू सांगितलंस तसं केलं. मग अंगणात खडूनं रेघ मारली आणि तिला म्हटलं, मार उडी. ती पडली तिथे दुसरी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ताणणं-बिणणं काही नाही. शेजारची पोरं आली होती, त्यांच्यात तिला सोडून दिलं. पकडापकडी झाली, बेडूकउड्या झाल्या, कान लाल होईपर्यंत पळाली. मग म्हटलं, आता मार. चार बोटं पुढे पडली. मला यात नवल नव्हतं. थंड अंगानं बराच वेळ ताणून धरलेला स्नायू थोडा काळ सैल पडतो, उडीला लागतो तो झटका त्यात उरत नाही. सात वर्षांच्या पोराला आधी पळू द्यावं, अंग गरम झालं की मग हवं तर थोडं वाकवावं, तेही त्याला जमेल तेवढंच. उडी मारून झाल्यावर मुंगी माझ्याकडे बघून हसली. काय छान हसते कार्टी, असं मला वाटलं. केवढी आनंदी पोर!

मग एके सकाळी लोखंडी कपाटाचं दार मी जोरात लावलं आणि फटीत तिचं बोट होतं. माझाच जीव वर गेला. दार उघडून बघते तर नख काळंनिळं झालेलं, आणि पोरगी हसतेय. तोंड फाकवून, दात दाखवून, डोळे माझ्यावर रोखून, फोटोला उभी राहिल्यासारखी. मी म्हटलं, "अगं, लागलं ना? रड की!" ती तशीच हसत म्हणाली, "नाही लागलं, आजी. बघ." आणि तेच बोट माझ्यापुढे धरलं. धाकट्या, मैदानावर मी गुडघे फुटलेली, दात पडलेली, हात मोडलेली पोरं पाहिली. भोकाड पसरणारी पाहिली, शिव्या देणारी पाहिली, उलटून मला चावलेलं एक पाहिलं. दुखल्यावर हसणारं मूल मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मी तिच्या हसण्यावर लक्ष ठेवायला लागले. जिना चढताना ती हसायची. खाली मांडी घालून बसताना हसायची. जिन्यावर ती डावा पाय वर ठेवायची आणि उजवा त्याच्या शेजारी ओढून आणायची, दोन वर्षांची असताना चढायची तशी. अंघोळ घालताना उजव्या जांघेला माझा हात लागला आणि तिचं तोंड कानापर्यंत फाकलं.

मी तुला न विचारता तिला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी चिड, मग पुढे वाच. एक्स-रे काढला. वाढत्या वयात खुब्याच्या ज्या जागी हाड अजून कच्चं असतं, नेमका तिथेच स्नायू ओढला गेलाय. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "हिला कुणी दाबतं का?" किमान दोन महिने उडी नाही, ताणणं नाही, पळणंही नाही. ऐकलं नाही तर पुढे काय, तेही त्यांनी सांगितलं. ते मी लिहीत नाही. तू येशील तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐक.

घरी आले ती पेटूनच. केंद्राच्या प्रशिक्षक बाईंना फोन लावला आणि नमस्कारसुद्धा न करता सुरू झाले. लाज वाटत नाही का, पोरींचे पाय आहेत का दोरखंड, पदकाच्या हव्यासापायी कोवळी हाडं मोडता, असं जे जे सुचलं ते सगळं बोलले. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे या वयाच्या मुलींना कुणी हातही लावत नाही. पहिला अर्धा तास आम्ही त्यांना नुसतं पळवतो. मुंगी आल्यापासून पाय जपून टाकते, म्हणून मी तिच्या वडिलांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, आळस आहे, घरी करून घेतो." मी माफी मागितली. मला त्याची सवय नाही, हे तुला माहीत आहे.

संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, घरी कोण करून घेतं गं? ती म्हणाली, "बाबा. मी पाय पसरून पुढे वाकते, मग बाबा पाठीवर बसतात." माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "पूर्ण नाही बसत, आजी. अर्धेच बसतात." मी विचारलं, आणि दुखलं की हसायचं कशाला? "रडलं की पहिल्यापासून करायचं असतं."

अर्धेच. तुझी बाजू घेत होती पोर.

मला माहीत आहे तुझ्या मनात काय आहे. बापाच्या तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांसमोर तू मला म्हणाला होतास, "तू मला नीट तयार केलं असतंस तर मी आज कुठल्या कुठे असतो." त्याचं उत्तर आज देते. लांब उडीच्या स्पर्धेत तुझ्यापुढे सहा पोरं गेली, कारण ती तुझ्याहून लांब उडी मारत होती. बस्स, एवढंच. तुझ्या पाठीवर मी बसले असते तरी ती सहा पोरं पुढेच गेली असती. तुला मी वाढू दिलं, आणि आज तू दोन्ही पायांवर धड उभा आहेस. पोरीच्या पायांनी ती उडी पुन्हा मारायला निघालास, हे मी बघत बसणार नाही. तू दुष्ट नाहीस. तिला ताप आला की रात्रभर तिच्या उशाशी बसणारा तूच आहेस. म्हणूनच मला जास्त राग येतो. दुष्टाशी भांडणं सोपं असतं.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. शनिवारी तू तिला न्यायला येणार आहेस. तिची पिशवी मी भरलेली नाही आणि भरणारही नाही. निवडीला ती येणार नाही, हे केंद्राला कळवून टाकलंय. काल ती रडली. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली शिरून, गुडघ्यात डोकं घालून, बाईमाणूस रडतं तशी, आवाज न करता. मी बाजूला फरशीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं तोंड पुसून म्हणाली, "आजी, तू बाबांना माझ्या पायाचं सांग. पण मी रडले ते नको सांगू." मी हो म्हटलं नाही. आयुष्यात लेकराला खोटा शब्द दिला नाही, कालही दिला नाही. म्हणून तुला दोन्ही सांगते. ये, पण तिच्यासमोर बस, आणि ती रडेपर्यंत उठू नकोस.

तुझीच, पण सध्या आधी तिची,
आई