चुकीच्या हातावरचा लाल ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. रावेत.

तो लाल ठिपका काही डोळ्यांसमोरून जात नाही.

पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधले साळवेकाका आज पुन्हा येऊन बसले. मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अपघात नोंदवायचं कंपनीच्या साइटवरचं पान मीच बनवलंय. चित्रात एक माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. लागलं असेल तिथे क्लिक केलं की ठिपका उमटतो. किती सोपं, असं वाटलं होतं मला!

काकांनी आरशात बघावं तसं केलं. आपला उजवा हात ज्या बाजूला, त्याच बाजूच्या हातावर ठिपका दिला. पण तो चित्रातल्या माणसाचा डावा हात. विमावाल्यांनी त्यांचा भरपाईचा अर्ज परत पाठवला, डाव्या हाताला काहीच झालेलं नाही म्हणून.

साहेबांना म्हटलं, ठिपका हलवू का? "अजिबात नाही. पाठवलेलं आपण बदललं तर फ्रॉड म्हणतील." तेही खरंच. मग करू काय?

काका चिडले असते तर बरं झालं असतं. पट्टी बांधलेला हात स्क्रीनसमोर धरून म्हणाले, "मॅडम, बघा की, अगदी समोरासमोर हाय. चुकलं कुठं?"

"उद्या बघते," मी म्हणाले. काय बघणार आहे उद्या?

घरी येऊन चित्रातल्या हातांवर 'उजवा', 'डावा' लिहून टाकलं. पुढच्या माणसाला तरी उपयोग होईल.

पुढचा माणूस. म्हणजे अजून कुणाची तरी बोटं जाणार, हे मी धरूनच चाललेय.