पंचांच्या डोळ्यांचा नंबर

तीर्थरूप मामा,

(यापुढे मला मामा म्हणू नकोस, असं तुम्ही कार्डावर लिहिलंत, पण त्याऐवजी काय म्हणायचं ते लिहायचं राहून गेलं. दुसरी सोय होईपर्यंत जुनंच चालवून घ्या.)

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे बायको खुशाल आहे आणि मी जिवंत आहे. पत्राला उशीर झाला, कारण तुमचं कार्ड आल्यापासून पेन हातात घेतलं की घाम फुटायचा. आज दुकानात गिऱ्हाईक नाही (कालही नव्हतं, का ते पुढे येईलच), तेव्हा काय झालं ते एकदा नीट सांगून टाकतो.

पेपरातला तो फोटो तुम्ही पाहिलात. बंदरवाल्यांच्या खांद्यावर बसलेला, दोन्ही हात वर केलेला, तोंड वासलेला तो इसम मीच आहे. नाकारण्यात अर्थ नाही, फोटो फारच स्वच्छ आलाय. पण खाली ‘विजयाचा जल्लोष’ असं छापलंय ते साफ खोटं आहे. मी ‘खाली उतरवा’ असं ओरडत होतो. हात वर होते, कारण धरायला खालच्या माणसाच्या डोक्याशिवाय काही नव्हतं आणि डोकं धरलं की त्याला गुदगुल्या होत होत्या.

तुम्ही गाव सोडून गेलात तरी इथे काही बदललेलं नाही. पुलाच्या अलीकडे स्टेशन, पलीकडे बंदर. अलीकडचे आपण सरळमार्गी, सोशिक आणि कायम अन्याय झालेले. पलीकडचे ते लबाड, नशीबवान आणि पंचांना फितवणारे. (पुलापलीकडे हेच वर्णन उलट करून ऐकायला मिळतं, पण ते मुळातच लबाड असल्यामुळे मनावर घ्यायचं नसतं.) आपल्या संघात स्टेशनच्या बाजूला जन्मलेला आता फक्त राखीव गोलरक्षक उरलाय. बंदरकडचा तो आडदांड बॅक, ज्याला आपण ‘कसाई’ म्हणून शिव्या घालायचो, तो यंदा आपल्याकडे आलाय आणि आता त्याला आपण ‘भिंत’ म्हणतो. जिंकलं की ‘आपण जिंकलो’ आणि हरलं की ‘ही गाढवं हरली’, हे व्याकरण तुम्हीच मला शिकवलंत. त्यात मी कानामात्रेचा फरक केलेला नाही.

त्यातून मी बायको पलीकडची केली. ते तुम्ही अजून विसरला नाहीत आणि सासरेही विसरलेले नाहीत. मुलगी दिली, पण खुर्ची दिली नाही. गेलो की मला स्टूल मिळतं. सामन्याच्या दिवशी आम्ही नवरा-बायको घरातून बरोबर निघतो, फाटकाशी एकमेकांचा निरोप घेतो आणि ज्याची बाजू हरेल त्यानं रात्रीचा स्वयंपाक करायचा असा नियम आहे. गेली काही वर्षं तो तीच करत होती, यावरून काय ते तुमच्या लक्षात येईल. तरीसुद्धा अन्याय आपल्यावरच होत होता, हे आपल्या स्टँडमधला कुणीही शपथेवर सांगेल. चार गोल व्हायचे तिथे दोन झाले, हा अन्याय नाही तर काय?

आणि या सगळ्या अन्यायाचं मूळ म्हणजे पंच. तेच आपले गाण्याचे मास्तर. आपल्या या सामन्याला दुसरा कुणी शहाणा पंच यायला तयार होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तेच येतात. शाळेत मुलांना सूर लावायला शिकवतात आणि मैदानात आपल्याला बेसूर करतात. त्यांनी शिट्टी वाजवली रे वाजवली, की आपल्या स्टँडमधून ‘मास्तर, चष्मा लावा!’ अशी आरोळी उठते. आरोळी उठवणारा अर्थात भोंगा. (तुम्ही होतात तेव्हा तो पायरीवर बसायचा, आता पुढच्या बाकावर मधोमध बसतो. भाजीबाजारात लिलाव पुकारून पुकारून त्याचा आवाज असा झालाय, की त्यानं ‘ऑफसाइड’ म्हटलं की पुलावरची वाहनंसुद्धा थांबतात.)

तर सामन्याच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, सगळी गल्ली पेंगत असताना हेच मास्तर माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. आत येताना काचेच्या दारावर धडकले. मग इकडेतिकडे पाहून (कुणी दिसलं असेल असं मला वाटत नाही) हळूच म्हणाले, “जरा डोळे तपासायचेत. गाजावाजा नको.”

मामा, मी बाहेर काही दाखवलं नाही. आतून मात्र उकळ्या फुटत होत्या. अख्खं स्टँड ज्यासाठी घसा फोडत होतं ते माझ्या खुर्चीत चालत येऊन बसलं होतं. मी तक्त्यासमोर दिवा लावला. सगळ्यात वरचं, परातीएवढं अक्षर त्यांनी ओळखलं. दुसऱ्या ओळीला म्हणाले, “इथे काहीतरी आहे खरं.” तिसरी ओळ आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. मी एकेक काच घालत गेलो, तसे ते मधेच थांबून भिंतीवरच्या पालीकडे अशा कौतुकानं बघायला लागले, की मला बिचाऱ्यांची दया आली.

न राहवून मी विचारलं, “मास्तर, मग इतकी वर्षं तुम्ही शिट्टी कशी वाजवत होतात?”

“कानानं,” ते म्हणाले. “गडबड झाली की मी ऐकतो. कुठल्या बाजूच्या ओरडण्यात खरेपणा आहे ते मला सुरावरून कळतं. तुमच्या स्टँडमधून एक आवाज येतो बघा, खर्जातला. त्यात अशी काही खात्री असते, की मी बहुतेक वेळा त्याच्यावरच विसंबतो.”

आता तुमच्यासारख्या हुशार माणसाला याचा अर्थ तिथल्या तिथे कळला असता. मला नाही कळला. माझ्या डोक्यात एकच, की आता मास्तरांना स्वच्छ दिसणार आणि आपल्याला न्याय मिळणार! मैदानात चष्मा चालत नाही म्हणून मी डोळ्यात घालायच्या लेन्स सुचवल्या. बायको फ्रेमा पुसत बसली होती. तिला अर्थ कळला असावा, कारण ती इतक्या मायेनं माझ्याशी लग्नानंतर प्रथमच बोलली. “अहो, लेन्स आजच मागवून घ्या ना,” ती म्हणाली. “आणि नंबर अगदी अचूक असू द्या हं.” त्या संध्याकाळी तिनं मला न मागता चहा दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नंबर मी अचूक दिला. एवढं मात्र खरं, मामा, की आयुष्यात इतका सुंदर नंबर मी कुणाला काढून दिलेला नाही. आणि ही गोष्ट कुणालाही, अगदी भोंग्यालासुद्धा, सांगितली नाही. गिऱ्हाइकाचे डोळे ही खासगी बाब असते.

सामना सुरू झाला. पहिल्याच धावपळीत आपला फॉरवर्ड नेहमीप्रमाणे गोलसमोर कोसळला. (तो किती छान पडतो! आधी पाठ वळते, मग हात पसरतात, मग किंकाळी.) भोंग्यानं ‘पेनल्टी’ म्हणून डरकाळी फोडली आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मास्तर मात्र चालत फॉरवर्डजवळ गेले, वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि नाटक केल्याबद्दल त्यालाच पिवळं कार्ड दाखवलं. मग ‘भिंती’नं बंदरच्या एकाचा शर्ट धरला, तर तो दिसला. आपल्या दुसऱ्यानं हातानं चेंडू ढकलून गोल केला, तर तोही दिसला. भोंगा ओरडून ओरडून जांभळा झाला, पण मास्तर आता कान देतच नव्हते. मध्यंतरापर्यंत मी रात्री काय शिजवायचं ते ठरवायला लागलो होतो. सामना इतका न्यायानं चालला होता की आपलं काही खरं नव्हतं. स्टँडमधून ‘मास्तर, चष्मा लावा!’ चाललं होतं आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होतो, म्हणजे कुणाला संशय नको.

अगदी शेवटी बंदरचा कॉर्नर आला. गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागून चेंडू आपल्या गोलात गेला आणि गोलरक्षकानं झेप घेऊन तो बाहेर काढला. इतकी वर्षं अशा वेळी काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. भोंगा ‘बाहेर! बाहेर!’ म्हणायचा आणि चेंडू बाहेर ठरायचा. या वेळी मास्तर रेषेच्या सरळ रेषेत उभे होते, डोळे टक्क उघडे. त्यांनी मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल!

स्टँडमध्ये जो आरडाओरडा झाला तो सांगत नाही. तेवढ्यात भोंगा बाकावर उभा राहून माझ्याकडे वळला. “अरे, आपल्यात चष्मेवाला बसलाय की! डोळ्यातला माणूस आहे! बोल रे, सगळ्यांना सांग, चेंडू आत होता का बाहेर?”

इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. आणि मला काय झालं कोण जाणे, मामा. तुमची शपथ, मनात ‘बाहेर’ असंच होतं. पण दिवसभर ‘दिसतंय का, खरं सांगा’ असं लोकांना विचारणारा मी, तोंडातून निघून गेलं, “आत होता. चांगला हातभर आत होता.”

एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. उन्हामुळे तसं वाटलं, असं काहीतरी मी जुळवत होतो. पण शेवटची शिट्टी झाली आणि मास्तर धावत थेट आपल्या स्टँडखाली आले. बिचारे आनंदानं लहान मुलासारखे झाले होते. मला शोधून काढलं (शोधणारच, आता सगळं दिसतं), दोन्ही हात हलवले आणि वर्गात हाक मारतात त्या खणखणीत आवाजात म्हणाले, “चष्मेवाले! फार उपकार झाले! गवताचं पातं न् पातं दिसलं हो आज!”

मी कुंपणावरून उडी मारली. या वयात आणि या पोटासकट मारली, त्यावरून मागे काय येत होतं याची कल्पना करा. मैदान ओलांडून पळालो ते सरळ बंदरवाल्यांच्या गर्दीत. तिथे माझ्या बायकोनं आधीच सगळ्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला उचललं, फोटोवाल्यानं फोटो काढला, पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतः उठून मला त्यांची खुर्ची दिली. “बसा, जावईबापू,” म्हणाले. त्या खुर्चीइतकी टोचणारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. घरी येऊन स्वयंपाकही मीच केला. भात करपला, पण बायकोनं तो दोनदा वाढून घेतला. जिंकलेल्या माणसाचं मन मोठं असतं.

तेव्हापासून अलीकडचं गिऱ्हाईक बंद आहे. गल्लीतले लोक तिरपे बघतात आणि पुढच्या चौकातल्या दुकानातून चष्मे घेतात. (ते चष्मे लावून तिरपंच दिसतं, हा भाग वेगळा.) स्टँडमध्ये गेलो तर माझ्या दोन्ही बाजूंनी बाक मोकळं. शेंगदाण्याची पुडी माझ्यापर्यंत येते आणि माझ्या डोक्यावरून पुढे जाते. हे मात्र मला लागलं, मामा. संघ हरतो-जिंकतो, त्याला सवय आहे. पण तुमच्या मांडीवर बसत होतो तेव्हापासून त्या बाकावर मी असा एकटा कधीच नव्हतो.

परवा दुपारी मागच्या दारावर थाप पडली. बघतो तर भोंगा. आत आला, खुर्चीत बसला आणि कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, “तपास.” मी तपासलं. मामा, त्याला तर पहिलं अक्षरही दिसेना! मी म्हटलं, “अरे, मग तू इतकी वर्षं बसल्या जागेवरून ऑफसाइड, फाऊल, आत, बाहेर कसं सांगायचास?” तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच खुळा. “त्यात बघायचंय काय? फाऊल नेहमी त्यांचाच असतो.” मी नंबराच्या काचा लावून त्याला दारात उभा केला. समोरच्या भिंतीवर आपल्या संघाचं मोठं चित्र लावलंय. बराच वेळ बघून तो म्हणाला, “आपला फॉरवर्ड एवढा जाड आहे?” मग फ्रेम काढून माझ्या हातात दिली आणि मागच्या दारानंच निघून गेला. चष्मा नको म्हणाला. त्यानं सामना बघायचा आनंद जाईल.

सगळं खरं ते लिहिलं. मी फितूर नाही, माझा नंबर फक्त अचूक निघाला. मामींना नमस्कार. राग थोडा निवळला असेल तर कार्ड टाका, नसेल तर निवळल्यावर टाका.

तुमचा (अजूनही)
भाचा

ता. क. १ : बायको म्हणते, मामांना लिहा की त्यांचाही चष्म्याचा नंबर बघायला हवा, फोटोत ती माझ्या शेजारीच हसत उभी आहे ते त्यांना दिसलेलं नाही. मी लिहिणार नव्हतो.

ता. क. २ : खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. पुढच्या सामन्याला या आणि माझ्या शेजारी बसा. काही बोलायला नको, वाटलं तर माझ्याकडे पाठ करून बसा, पण बसा. तुम्ही बसलात की बाकीचेही हळूहळू सरकत येतील.

ता. क. ३ : पाकीट बंद करायच्या आत भोंगा दुकानासमोरून गेला. दारातच थांबला, रस्त्याकडे तोंड केलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तुझ्या मामांना कळव, त्यांच्या जागेवर मी रुमाल टाकून ठेवीन. तुझ्याशी मी बोलत नाहीये.” तेव्हा याच. तो रुमाल टाकणार, पण टाकताना बाक त्याला दिसणार नाही, म्हणून रुमाल कुठेही पडला तरी तुम्ही माझ्या शेजारीच बसा.