कुपीतली चिमूटभर

१२ जानेवारी
कुरियरवाला पांढरा डबा देऊन गेला. आत बर्फाच्या पिशव्या, मधी करंगळीएवढी कुपी. काव्याचा माल. नात माझी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असती. कॉलेज गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत बंद, म्हणून पत्ता घरचा दिला आन् आपण गेली पुण्याला मुलाखतीला! फोनवर म्हणाली, "आज्जी, बर्फाच्या कप्प्यात ठेव. माणसाच्या मेंदूतलं प्रोटीन आहे."
यव्वा! लिंगायताच्या फ्रीजमधी माणसाचा मेंदू!
"मेंदू नाही गं. जंतूंकडून बनवून घेतात. तू दुधाला विरजण लावतेस, तसंच समज."
तरीबी बर्फातले मटार खाली काढले.

१३ जानेवारी
इचारलं, ह्याचा उपेग काय. म्हणाली, मेंदूत ऑक्सिजन धरून ठेवतं.
मग माझे मालक, तुझे आजोबा, पडले तवा कुटं होतं? धा मिनटं मेंदूला वारा न्हाय, डॉक्टर म्हणालेला.
काव्या म्हणाली, "हे औषध नाही आज्जी. नुसतं प्रयोगापुरतं."
फोन ठेवला. घरात फ्रीजचाच तेवढा आवाज.

१४ जानेवारी
तिळगूळ केला. मीच खाल्ला.

१५ जानेवारी
कुपी उघडली. मालकांना मिळालं न्हाय ते दिसतं कसं, बघायचं होतं. झाकण निघालं — आत काय बी न्हाय! उजेडात धरली. रिकामी! माझ्या हातनंच उडालं की काय?
देवापुढली डबी घेतली. विभूतीत कापराची वडी ठेवते मी, वास लागतो. चिमूटभर आत सोडली, झाकण लावलं. भुकटीच असंल की तसली.

१७ जानेवारी
काव्या आली, चहा बी न पिता कुपी घेऊन कॉलेजात निघाली. "चार महिने वाट बघितली हिची. एवढे प्रयोगाचे आकडे आले की पुण्याची जागा पक्की."
दारात वळली. "उघडली नाहीस ना? तळाशी चिकटलेलं असतं, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."
दिसत न्हाय!
मी म्हटलं, "मला काय करायचंय उघडून?"

१९ जानेवारी
पोरगी जेवली न्हाय. पाणी घातलं तर गढूळ झालं म्हणं. "कंपनीनं खराब माल पाठवला असेल." दुसरी कुपी यायला आणखी चार महिने. पुण्याची मुदत पंधरा दिवसांत संपती.
म्हंजी ती हितंच ऱ्हाणार. सकाळी चहाला दोन कप. मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते — बरं वाटलं.

२१ जानेवारी
कंपनीला तक्रार लिहिती म्हणं. रोज लॅपटॉप उघडून बसती, रोज म्हणती, "उद्या पाठवते."
माझ्या चिमटीपायी तिकडं कुणीतरी बोलणी खाणार.

२३ जानेवारी
सांगितलं. भाकरी थापता थापता, तोंड तव्याकडं.
"विभूती मी घातली."
"माहीत आहे. झाकण काढलं तेव्हाच कापराचा वास आला."
"आन् तक्रार?"
"एक अक्षर लिहिलं नाही."
"मग चार दिस माझा जीव का खाल्लास, भवाने?"
तव्यावरची भाकरी तिनं उलटली. हात भाजला, बोट तोंडात घातलं.
"तुला एकटीला टाकून जायचं नव्हतं आज्जी. कारण आयतं मिळालं. मला बरंच वाटलं."
माझाच शबूद! वही वाचली का काय हिनं? न्हाय वाचली. तोंडावरनं कळतंय.

२४ जानेवारी
समोर बसवून पुण्याला फोन लावायला लावला. म्हटलं, सांग, म्हातारीनं घाण केली. पलीकडं मुलाखत घेतलेल्या बाई खो खो हसल्या. म्हणाल्या, "या तुम्ही, तसली कुपी इथं आहे, आकडे इथंच काढा."
काव्याची सोमवारची गाडी. मटार परत वर ठेवले.