फोन ठेवला, छप्पर ओढलं

शुक्रवार, ऑक्टोबर २००५
हवाई, डोंगरावर

आज दुपारी मृणालचा फोन मध्येच ठेवून मी पावसात पळालो, तिथेच सगळं बदललं.

इथे सिग्नल फक्त वळणावरच्या एवोकॅडोच्या झाडाखाली मिळतो. तिकडे वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूहून ती तडकून बोलत होती. "कॉलेज सोडलंस, आता डोंगरावर साधू होणार आहेस का? नवीन सेमिस्टरच्या आत परत ये, नाहीतर मी त्या पुण्याच्या स्थळाला हो म्हणते." मी भडकून काही बोलणार, तेवढ्यात सर आली. गच्चीवर कॉफीच्या बिया वाळत होत्या. वरचं सरकतं छप्पर ओढायला हिरोको मावशी एकट्याच. मी कामाला आहे तो कॉफीचा मळा त्यांचा, वय ऐंशी. "थांब, छप्पर!" एवढंच फोनमध्ये ओरडलो आणि सुटलो.

बिया कोरड्या राहिल्या. मावशी म्हणाल्या, "कॉफी वाचली रे, पण तुझे डोळे भिजलेत."

"पाऊस आहे," म्हटलं.

"छपराखाली?"

परत वळणावर गेलो, तर ती फोन उचलेना. अजून राग येतोय, पण कुणाचा? दमलोय यार. टाकीतल्या पावसाच्या पाण्याने दोनदा हात धुतले, तरी कॉफीच्या सालांचा वास जात नाही. पण त्या छपरासाठी पळालो तसा कॉलेजात कशासाठी पळालो होतो? एकदाही नाही. ती हवीय, फार हवीय. तरी परत जाणार नाही. हे तिला मीच सांगायला हवं, तिकडे घड्याळ तीन तास पुढे, ती झोपायच्या आत.

पाऊस थांबलाय. टॉर्च घेतो, दार ओढून घेतो, वळणावर निघतो.