घड्याळकाका एक मात्रा मागे

१० डिसेंबर

गायनमंडळात आज भडका! आमची मास्तरीण शाळेत संगीत शिकवते आणि चर्चमध्ये गाणाऱ्यांना धाकात ठेवते. सराव अर्ध्यावर सोडून ती तरातरा माझ्याकडे आली. "पाळकबाई, नाताळला ते गातील, नाहीतर मी. तुम्हीच ठरवा!"

ते म्हणजे घड्याळकाका. उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि आता स्वतःच मागे! सगळ्यांची ओळ संपते, आणि मग काकांचा खर्ज एकटाच येतो मागून. पोरी फिदीफिदी हसतात. खरं तर मलाही हसू येतं.

मी म्हटलं, "बघते." या मंडळीत माझा हा पहिलाच नाताळ, आणि "बघते" म्हणून म्हणून तोंड दुखायला लागलंय.

१२ डिसेंबर

खुर्च्या कुणी लावायच्या यावर चर्चच्या वडीलजनांची बैठक. गव्हाणीतलं बाळ सापडत नाही म्हणून धावाधाव — ते नाटकातल्या मेंढपाळांच्या खोट्या दाढ्यांखाली निघालं! उपदेशाचा पत्ता नाही. नवरा म्हणाला, "नाताळात सगळ्यांना प्रभू भेटतो. पाळकाला तेवढा वेळ नसतो." हसले, पण लागलं.

प्रार्थनेला बसले. प्रभू, ते की ती? सांग ना! याला त्याची इच्छा शोधणं म्हणायचं, की मला हवं ते त्याच्याकडून वदवून घेणं? मलाच कळेना.

१४ डिसेंबर

ठरलं. काकांना थांबवायचं. एका माणसापायी अख्खं गायनमंडळ फुटू देणं शहाणपणाचं नाही. वाक्यसुद्धा जुळवलंय — "काका, यंदा तुम्ही पहिल्या बाकावर बसून आमचं गाणं ऐका." साखरेत घोळलेली गोळी! आता फक्त धैर्य हवं. तेवढंच मागितलं.

१५ डिसेंबर

कसं लिहू?

दुपारी गेले. दार उघडंच होतं. आतून गाणं येत होतं, नाताळचंच. काकू खिडकीपाशी खुर्चीत, काका मागे उभे राहून त्यांची वेणी घालत होते. काकू आजारी, कुणाला ओळखत नाहीत, बोलत नाहीत, एवढं ऐकून होते. काकांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. हातातला कंगवाही थांबला. मला वाटलं, विसरले.

आणि काकू गायल्या! तीच ओळ. बारीक, चिरका आवाज, पण एकही शब्द चुकला नाही. ती ओळ पुरी झाल्यावरच काका पुढच्या ओळीवर गेले.

मला पाहून ओशाळले. "तिला पोचायला वेळ लागतो, बाई. मी पुढे गेलो की ती गप्प होते. मग दिवसभर तोंड उघडत नाही, घासही घेत नाही. दिवसभर असंच गातो आम्ही. तिकडे चर्चमध्येही सवयीने थांबतो मी. आयुष्य घड्याळात गेलंय, मागे पडतो ते मला कळत नाही का?" मग हळूच म्हणाले, "तेच सांगायला आलात ना?"

जुळवलेलं वाक्य तिथेच सोडलं. "नाही," म्हटलं. "ऐकायला आले."

चपला दारात काढल्या होत्या, बरं झालं. नाहीतर त्या खोलीत काढाव्याच लागल्या असत्या. मी इतके दिवस उत्तर मागत होते, आणि देव तिथे वेणी घालत बसला होता! घरी येऊन रडले. दुःखाचं रडू नव्हतं ते.

१७ डिसेंबर

मास्तरणीला काही समजावलं नाही. नुसतं सोबत घेऊन गेले. तिचा पाय कायम ताल धरून असतो, तिथे तो थांबला. परतताना कोपऱ्यावर नाक पुसून एकदम करवादली, "सगळ्यांचं गाणं नव्याने बसवावं लागेल! दिवस तरी उरलेत का?"

२४ डिसेंबर

संध्याकाळची उपासना. काकूंची चाकाची खुर्ची गायनमंडळाच्या टोकाला, काकांच्या शेजारी. पहिली ओळ झाली आणि सगळे थांबले. अख्खं चर्च चिडीचूप. आता नाहीच गायल्या तर?

गायल्या!

प्रत्येक ओळीनंतर ती शांतता, आणि त्या शांततेतून येणारा तो आवाज. मला वाटत होतं आम्ही त्यांच्यासाठी थांबतोय. तिसऱ्या कडव्यापर्यंत असं वाटायला लागलं की कुणीतरी आमच्यासाठीच थांबलंय, केव्हापासूनचं. उपदेशात सारखं घड्याळ बघणारे आमचे खजिनदार डोळे मिटून बसले होते. उपासना लांबली, पण एकानेही कुरकुर केली नाही. माझा उपदेश कुणाच्या लक्षात राहील असं वाटत नाही. माझ्याही नाही.

२५ डिसेंबर

पायांचे तुकडे पडलेत. आनंद! आनंद!

३० डिसेंबर

काकूंना आज माती दिली. परवा झोपेतच गेल्या. कबरेपाशी काकांनी तेच गाणं सुरू केलं — चोख तालात, कुठेही न थांबता. साथीला गाताना थांबलो ते आम्ही. सगळेच. पहिल्याच ओळीनंतर.